आबा खांबेट्यांचा समुद्र आणि दोन जावई

ऐका मंडळी! तबलेवाले, हात आवरा जरा... तुमची बोटं माझ्या आधी देवाकडे पोचतात! बसा. काकू, पुढे या. या पहिल्या रांगेतल्या आजी बघा, पदर कानावरून घट्ट घेऊन कशा तल्लीन झाल्यात! तसं बसायचं.

आज आधी एक प्रश्न टाकतो. आणि उत्तर माहीत आहे असं तोंड करून बसू नका, मला इथून सगळे चेहरे दिसतात! प्रश्न असा — आपण कुणावर प्रेम करतो, तेव्हा जोर किती लावावा?

ते खांबाला टेकलेले काका मनात म्हणतायत, "बुवा, प्रेमाला कसलं माप? जितकं जास्त तितकं चांगलं!" असं होय? घरी गेल्यावर सूनबाईंना विचारा! अहो, सूर्यनारायणाचं आपल्यावर प्रेम नाही? आहे ना! पण म्हणून तो अंगणात येऊन उभा राहतो का? तो लांब राहतो, म्हणून आपण पापड वाळवतो. जवळ आला, तर आपलाच पापड! आता गोष्ट ऐका, म्हणजे उत्तर आपोआप मिळेल.

अलिबागला आबा खांबेटे म्हणून एक गृहस्थ होते. सगळी नोकरी दीपगृहात. रात्रंदिवस समोर समुद्र! निवृत्त झाले आणि गुडघे गेले. वाळूत पाऊल रुतलं की डोक्यात कळ. समुद्र घरात ऐकू येतो, पण जाता येत नाही! मग आबांनी काय केलं? समुद्रच घरी आणला!

हसताय काय? खरंच! बैठकीच्या खोलीत काचेची ही एवढी टाकी. खारं पाणी, तळाला वाळू, जिवंत पोवळी. आणि मधल्या खडकावर एक समुद्रफूल. फूल म्हणायचं, पण प्राणी तो! जांभळट, बोटंच बोटं, संथ डोलणारं. त्या बोटांच्या आत जोकर माशांची जोडी राहायची, नारिंगी अंगाची, पांढऱ्या पट्ट्यांची. आबा सकाळी खुर्ची टाकून समोर बसले की जेवणाची हाक येईपर्यंत हलायचे नाहीत. त्यांच्या बायकोला सगळे माई म्हणत. माई म्हणायच्या, "मला बघायला आलात तेव्हा एवढं बघितलं नव्हतंत!"

आता, समुद्र म्हटला की पाणी हललं पाहिजे. पोवळं काही पिशवी घेऊन बाजारात जात नाही! अन्न त्याच्याकडे वाहत यायला हवं, घाण वाहून जायला हवी. म्हणून टाकीच्या आत काचेला एक छोटा पंप चिकटवतात. पॉवरहेड म्हणतात त्याला. नाव सेनापतीचं, आकार पेरूएवढा! आबांचा पॉवरहेड जुना होता. रुंद तोंडाचा, पाणी नुसतं ढवळल्यासारखं करणारा. फक्त अलीकडे खडखडायला लागला होता.

आणि अशात आला अधिक महिना! धोंड्याचा महिना! या महिन्यात जावई म्हणजे कोण? — नारायण! एरवी कुणी का असेना! आबांचे दोन जावई. थोरल्या वृंदाचे यजमान शशांकराव ओगले, बॉयलरच्या कारखान्यात साहेब. धाकट्या मंजिरीचे केदारराव गद्रे, पुण्याला संगणकात. दोघे साडू. आता साडू-साडूंचं नातं काय सांगू? वरून श्रीखंड, आणि चमचा कुणाचा मोठा यावर आतून लक्ष!

गुरुवारी दोघे आपापल्या बायकांसह आले. पंपाची खडखड ऐकली. आबांना मदत करायची, या एकाच चांगल्या इच्छेने, एकमेकांना न सांगता, शुक्रवारी दोघांनी दोन नवे पॉवरहेड आणले! आणि मग टेबलावर खोकी ठेवून सुरू झाली तुलना.

शशांकराव म्हणाले, "ताशी बारा हजार लिटर! धार बघा, सरळ पलीकडच्या काचेवर आपटते."

"तुमचा वीज किती खातो हो, दादा?" केदारराव म्हणाले. "माझा निम्म्या विजेत दहा हजार. आवाज शून्य. आणि मोबाइलवरून लाटा येतात. हे बघा, वादळ! हे बघा, भरती!"

"मोबाइल चार्जिंगला लावला की ओहोटी का?"

"तुमच्या पंपाने आबांची टाकी नाही, गल्ली धुवायची!"

एक जोर मोजतोय, दुसरा बटणं मोजतोय. खोक्यावर छापलेलं सगळं वाचून झालं, मंडळी! टाकीकडे मात्र दोघांचीही पाठ.

आबांना कळत होतं. ते माईंना आत नेऊन कुजबुजले, "अगं, एवढी धार नाही सोसायची आपल्या समुद्रफुलाला."

माई म्हणाल्या, "अहो, अधिकात जावयाने हाताने आणलेली वस्तू परत करायची? नारायणाचा प्रसाद नाकारायचा? आणि एकाचा लावून दुसऱ्याचा ठेवला, तर एका लेकीला जन्मभर ऐकावं लागेल. डावं-उजवं करायचं नाही!"

मग काय केलं? ऐका हं! माईंनी चांदीची ताटं मांडावी तसे दोन्ही पंप मांडले. एक डाव्या काचेला, एक उजव्या काचेला. समोरासमोर, एका उंचीवर! दोन्हींना हळदकुंकू! आणि दोन्ही पूर्ण जोरात सुरू! नारायण बरोबर नारायण!

टाकीत काय झालं असेल? वाळू उठली ती बसेचना. पोवळ्यांच्या तोंडात वाळू, त्यांनी दारंच लावून घेतली. मासे बिचारे जिवाच्या आकांताने पोहतायत आणि आहेत तिथेच आहेत! आणि समुद्रफूल? त्याने सगळी बोटं आत ओढली. नुसती मूठ होऊन बसलं.

केदारराव म्हणाले, "नव्या पंपाची सवय होईल त्याला." शशांकराव म्हणाले, "व्यायाम होतोय." आणि आबा? खुर्ची टाकून बसत होते ते बसेनासे झाले. म्हातारा माणूस आपल्याच घरात आपल्या समुद्राकडे पाठ करून पेपर वाचायला लागला, मंडळी. तोही उलटा!

रविवार उजाडला. धोंड्याचं जेवण! पाट, रांगोळी, समया. टाकीच्या समोरच पानं मांडली. वृंदाने केदाररावांना आग्रह करायचा, मंजिरीने शशांकरावांना. म्हणजे मेहुणीचा आग्रह! त्यातून सुटका आहे का?

"आणखी एक धोंडा, केदार!"

"वृंदाताई, तीन झाले..."

"तीन? तीन तिघाडा कशाला? घ्या चौथा! आणि त्यावर तूप!"

इकडे मंजिरी अनारशांची परात घेऊन उभी. "भावोजी, ताईच्या हातचे खाल्लेत, माझ्या हातचे नकोत का?" संपला माणूस! शशांकरावांचा चेहरा लाल. कंबरेचं सोवळं करकचलेलं. शेवटी त्यांनी पानावर दोन्ही हात आडवे धरले आणि जवळजवळ रडत म्हणाले, "पुरे! खरंच पुरे! प्रेम कळलं, पण आता सोसवत नाही!"

आणि नेमकी त्याच क्षणी आबांची नजर टाकीकडे गेली.

समुद्रफूल जागेवर नव्हतं!

मंडळी, समुद्रफूल चालतं. जागा सोसेनाशी झाली की सरकत सरकत दुसरी शोधतं. डोळे नाहीत त्याला. आणि पंप पुढून पाणी फेकतो, तसं मागून ओढतो. ते जांभळं फूल आसरा शोधत काचेवरून बारा हजार लिटरच्या मागे जाऊन पोचलं होतं. बोटं आत खेचली जायला लागली होती! आणखी थोडं, आणि त्याचा चोथा झाला असता, सगळं पाणी नासलं असतं, एक जीव उरला नसता.

आबा ताडकन उठले! जावई पानावर असताना सासरा उठला! गुडघे विसरले, अधिक महिना विसरले, समई ओलांडली आणि दोन्ही प्लग उपटले!

सगळं शांत. माईंच्या हातात तुपाची वाटी तशीच. वाळू हळूहळू खाली बसायला लागली.

प्लग हातात तसेच धरून आबा वळले. म्हणाले, "शशांकराव, तुम्ही आत्ता पानावर हात आडवे धरलेत ना? त्याला नाही हो धरता येत. म्हणून ते बिचारं निघालं होतं." आणि काचेवर हात टेकला त्यांनी. "माझा एवढाच समुद्र आहे, बाळांनो. दुसऱ्यापर्यंत आता चालवत नाही."

नारायण दोन्ही खाली मान घालून बसले. मग शशांकराव उठले, उष्टे हात तसेच, टाकीपाशी आले आणि पहिल्यांदा टाकीत बघितलं. म्हणाले, "आबा... त्याला लागतं किती?"

हा प्रश्न, मंडळी! दोन पंप आले, खोकी वाचली, भांडणं झाली. हा प्रश्न तेवढा राहिला होता!

"माझा जुना आणतो," आबा म्हणाले, "म्हणजे कळेल." तो कुठे होता? स्वयंपाकघरात, झाकणाच्या बरणीत, व्हिनेगरात बुडवून ठेवलेला! आत क्षार साठला होता, म्हणून खडखडत होता. माईंना वाटलं, ह्यांनी मिरच्या मुरवल्यात. रविवारी वाढायलाच काढणार होत्या!

धुतला, लावला. आवाज नाही. पाणी संथ हललं. शशांकरावांच्या पंपाला बादलीत टाकीच्या पाण्याचं मीठ ढवळायचं काम मिळालं, तिथे त्याचा जोर शोभला. केदाररावांचा अगदी हळू करून मागच्या काचेकडे तोंड फिरवून लावला, म्हणजे धार काचेवर फुटून पाणी मऊ येतं. दुसऱ्या सकाळी फूल खडकावर परत आलं होतं, आणि जोडी त्याच्या बोटांत. समोर तीन खुर्च्या होत्या. आबा मधे.

मिळालं उत्तर? काय माना डोलावताय! पाहुण्याच्या पानावर झडप घालणारे तुम्ही! लेकरू नको म्हणत असताना त्याला तीन शिकवण्या लावणारे तुम्ही! आणि इतकं कशाला... हे दोन भोंगे बघा. डावीकडचा वामनरावांनी दिलेला, उजवीकडचा नेन्यांनी. वॅट किती, यावर दोघांचं देवळाच्या विश्वस्तांसमोर वाजलं होतं ना? आता समोरासमोर लावलेत, नावं रंगवून, पूर्ण आवाजात! आणि मधे आमच्या पहिल्या रांगेतल्या आजी. अहो, मगाशी मला वाटलं तल्लीन झाल्यात. त्या कान दाबून बसल्यात हो! कुणी विचारलं त्यांना, किती लागतं म्हणून? मीही नाही!

वामनराव, उठा. नेने, तुम्हीही. नावं राहू द्या, आवाज उतरवा. आणखी... आणखी... हं.

बघा. पदर काढला कानावरचा! ऐकू येतंय ना, आजी? मग आता सगळ्यांनी देवाचं नाव घ्या. ओरडू नका, हळूच घ्या. तो जवळच बसलाय.