पट्ट्याशिवायची रेवडी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय धरमसिंगजी राठोड, बदली होऊन निघालेल्या आपल्या पशुवैद्यकीय अधिकारी डॉ. उज्ज्वला तायडे मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, आणि घरची जनावरं शेजाऱ्यांच्या भरवशावर सोडून आलेल्या मानोऱ्याच्या बंधू-भगिनींनो,

माझ्याआधी म्हशी बोलल्या, बैल बोलले, शेळ्यांनी तर अंमळ जास्तच वेळ घेतला. कुत्र्यांच्या वतीने मी थोडक्यात आटोपते.

मी जिनल. धान्य दुकानवाल्या मांगीलालजींची मुलगी. दोन वर्षांची असताना मम्मी-बाबूजींनी मला दत्तक घेतलं, हे गावाला माहीत आहे आणि मलाही. मागच्या वर्षी मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले, तेव्हा आमची रेवडी सारखी खोकत होती. रेवडी म्हणजे पांढरी, केसाळ कुत्री. गाव सोडून गेलेल्या एका कुटुंबाने तिला मागे ठेवलं होतं, बाबूजींनी घरी आणली. तिचा खोकला कसा, तर जुन्या सायकलच्या पों-पों हॉर्नसारखा.

आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "घरात बाळ येऊन राह्यलं. तिचा खोकला त्याले लागला त? द्या कोणाच्या वावरात सोडून." त्यांचं काय चुकलं? काळजीनेच बोलल्या. पण आणलेल्याला परत सोडता येतं, हे मी आमच्या घरात पहिल्यांदा ऐकत होते, आणि मीही आणलेलीच की.

बाबूजी आणि मी रेवडीला घेऊन मॅडमकडे गेलो. त्यांनी विचारलं, "लहानपणी काही आजार? हिच्या आईला होता?" बाबूजी ओशाळले. "मागचं काई माईत नाई जी." त्याच आठवड्यात माझ्या डॉक्टरीणबाईंनी मलाही हेच विचारलं होतं, आईला साखर होती का, बीपी होतं का. मीही हेच उत्तर दिलं होतं, आणि ऑटोत बसून रडले होते. मॅडम मात्र सहज म्हणाल्या, "नसू द्या माहीत. समोर आहे ना ती? तिलाच विचारू."

मग त्यांनी छाती ऐकली. धावल्यावर खोकते की बसल्या-बसल्या, ते विचारलं. दोन बोटांनी गळ्यावरची श्वासनळी हलकेच दाबली, तर लगेच पों! अकोल्याहून एक्स-रे काढून आणायला लावला. निदान झालं, श्वासनळीच्या कड्या मऊ पडल्यात, नळी दबते. पूर्ण बरं होणार नाही, पण औषधाने आणि वजन उतरवून सांभाळता येईल. बाळाला हा खोकला लागत नाही. "आणि गळ्यातला पट्टा आधी काढा, त्यानेच जास्त दबतंय."

तो घुंगरांचा पट्टा बाबूजींनी हौसेने आणलेला. ते म्हणाले, "पट्टा काहाडला त कोणाची हाये हे लोकायले कसं समजन?" मॅडम म्हणाल्या, "तिला समजतं ना? झालं तर."

रेवडी घरीच राहिली. मला मुलगी झाली. तिचं नाक माझं, भुवया माझ्या. जन्मात पहिल्यांदा मला माझ्यासारखं कुणी दिसत होतं. फार आनंद झाला, आणि तो मी मम्मीपासून लपवला. तिला वाटेल, आपण हिला पुरलो नाही. मम्मी बाळाला तेल लावता लावता म्हणाली, "बेटा, तू आली तवा दोन वर्षाची होती. त्याच्या आधीची तू मले भेटलीच नाई. आता भेटून राह्यली. मले सारं दिसते. कायले लपवून राह्यली?"

मॅडम, तुम्ही उपचार कुत्रीवर केलेत, हे खरं. पण मागचं माहीत नसलं तरी समोरच्या जीवाला सांभाळता येतं, हे मी तुमच्या टेबलाशी उभी राहून शिकले. नव्या गावीही तुमच्या हाताला यश येवो. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर लेकीचं समजून पोटात घाला.

आणि जाताना दाराशी एक पांढरी कुत्री बसलेली दिसेल. गळ्यात काही नाही. तिला हाकलू नका, ती आमची आहे.