आधी बीपी, मग बाळ

अगं, लग्नानंतर वर्षभरातच मी सासरी बंड केलं होतं! मूल हवं म्हणून नाशिकच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, तर माझं बीपी वाढलेलं निघालं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "आधी हे ताब्यात आणू. नाहीतर गरोदरपणात तुझ्या आणि बाळाच्याही जिवावर बेतू शकतं."

सासूबाई भडकल्या. "या वयात कसलं बीपी? त्र्यंबकेश्वरला पूजा घालू, गोळ्या बंद कर!"

"पूजेला बसते. पण गोळ्या सोडणार नाही, आणि बीपी उतरेपर्यंत मूल नाही."

त्यांनी अबोला धरला. मी गोळ्या घेतल्या, लोणचं-पापड सोडलं, रोज गोदाकाठी चालले. बीपी उतरलं, मग दिवस राहिले आणि बाळंतपण सुखरूप झालं.

बारशाला नवऱ्याच्या आत्याबाई म्हणाल्या, "एवढी वाट पाहायला लावलीस, आणि मुलगीच?"

मी म्हटलं, "हो, मुलगीच. आणि तिला दूध पाजायला तिची आई जिवंत आहे."