अध्यक्षांचं मस्तक आणि रेवणप्पा सरांची खोली

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे आधारस्तंभ आदरणीय अमृतराव साहेब, हैदराबादेत सिनेमांचे इफेक्ट करणारी आपली माजी विद्यार्थिनी अक्षरा, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती चित्रकला शिक्षक रेवणप्पा सर, वहिनी, आणि जेवणाच्या वासानं मागं वळून वळून बघणाऱ्या माझ्या निलंगेकर बंधु-भगिनींनो,

मी अमरेश. गणित शिकवतो. माझ्यासारख्याला कलेवर बोलायला उभं करणं म्हणजे कार्यक्रम समितीचं धाडसच म्हणायचं!

सर चित्रकलेच्या तासाला मशीनवरचं संगीत लावायचे. नुसतं ठुक-ठुक, घूंऽऽ. मी एकदा दारात जाऊन म्हणालो, "सर, मिक्सर बिघडला का?" पोरं खिदळली. सर म्हणाले, "बस इथं. पाच मिनिटं डोळे झाक." बसलो. खरं सांगतो, तिसऱ्या मिनिटाला माझा पाय हलून राहिला होता! मी विचारलं, "पण यात गाणारा कुठं हाय?" तर म्हणाले, "दिवसभर बोलणारेच ऐकतो की रं. जरा बिनशब्दाचं ऐक."

लातूरला सिनेमाला न्यायचे. पडद्यावर डोंगर उडाला की हे लहान लेकरासारखे टाळ्या वाजवणार. सिनेमा संपला तरी उठायचे नाहीत. शेवटी नावं पळतात ना, ती सगळी वाचायची. झाडूवाला आला तरी बसलेले. "ह्या माणसांनी डोंगर उडवलाय, त्यांना पाठ दाखवून जायचं व्हय?" माझी शेवटची बस हमखास चुकायची. आता मीही नावं वाचतो. घरचे वैतागलेत.

आता जरा अवघड गोष्ट. साहेब, पाणी घेऊन ठेवा.

आठ वर्षांमागं शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची फिल्म सरांनी केली. हिरव्या कापडापुढं माणूस बसवायचा आणि कॉम्प्युटरवर मागं पाहिजे ते दाखवायचं. अट एकच, अंगावर हिरवं नको, नाहीतर तेवढं अंग गायब होतं. सरांनी मला हे बजावून सांगितलं होतं. पण माझे गणिताचे चार तास त्यांनी शूटिंगला नेले होते. माझ्या डोक्यात राग होता.

अमृतराव साहेब कॅमेऱ्यापुढं बसले. आपल्याकडं माणूस बसला की आधी सत्कार. मी शाल घातली. हिरवीगार. अध्यक्षांच्या अंगावरची मानाची शाल उतरवा, असं म्हणायची कुणाची छाती आहे इथं? सांगा बरं! सर कॉम्प्युटरवर निस्तरू म्हणाले. निस्तरलं नाही.

समारंभात सगळ्या निलंग्यानं पाहिलं. फेटा बांधलेलं नुसतं मस्तक चंद्रावर तरंगतंय आणि शाळेची प्रगती सांगतंय, खाली घूंऽऽ संगीत! हसून हसून लोकांच्या खुर्च्या पडल्या. हसू नका, साहेब समोर बसलेत.

साहेबांनी विचारलं, "हे कुणी केलं?" सर म्हणाले, "माझी चूक." त्याच आठवड्यात चित्रकलेची खोली गेली. तिथं जुने बाक रचले. आठ वर्षं सरांनी व्हरांड्यात रंग शिकवले. वारा सुटला की पोरांचे कागद पार रस्त्यावर जायचे.

शाल मी घातली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मुद्दाम घातली, हे आज सांगून राहिलोय. आज नाही सांगितलं तर सर निघून जातील आणि मी तसाच राहीन. साहेब, शिक्षा मला करा, पण ती खोली पोरांना परत द्या. नवे चित्रकलेचे सर सोमवारी येणार आहेत.

काय म्हणालात, सर? जरा मोठ्यानं...

मंडळी, सर म्हणतात, "शाली पाच रंगांच्या होत्या. तू सगळ्यात खालची उपसून काढलीस. मी बघूनच राहिलो होतो की."

म्हणजे आठ वर्षं ठाऊक होतं! आणि रोज मधल्या सुट्टीत माझ्या डब्यात स्वतःची भाजी वाढत होते. मला वाटलं होतं, गणित मला येतं.

आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, उपकार झाले. भाषणात काही कमीजास्त झालं असेल तर तुम्ही पोटात घालाल. पण सर, त्या शालीबद्दल मला माफ करा.