टेबलफॅन आणि आइस्क्रीम

हॅलो?… हां, बोल. नाही, तूच बोल आधी. मी बोलायला लागले ना छोटी, तर तुला फोन कानापासून लांब धरावा लागेल…

हो, जेवणाची सुट्टी. लॉण्ड्रीच्या मागच्या जिन्यात उभी आहे… कसला आवाज? मशीनचा. हॉटेलांच्या चादरी इस्त्री करतं ते, रोजचंच आहे. ते सोड. मला एक सांग, आमच्या कंपनीच्या साइटवर तक्रार कुणी टाकली?… 'कुठली तक्रार' म्हणू नकोस! खाली लिहिलंय, 'एका कर्मचारी महिलेची बहीण'. मला बहिणी किती?… एकच. हां. हुशार आहेस.

माझ्या भल्यासाठी?… अगं ऐक ना… अगं, ऐक तरी! हो, हो, कॉलेजात शिकवतेस तू. तिथे शिकव. माझ्यावर कशाला प्रयोग?

काय ऐकलंस व्हिडिओ कॉलवर?… 'ए टेबलफॅन, टोक सोडू नकोस'. बरं, मग?… कसला अपमान? आपल्या देशातल्या सगळ्यांनाच इथे टेबलफॅन म्हणतात. का म्हणजे? 'हो' म्हणताना मान अशी दोन्हीकडे डोलवतो ना आपण… तू आत्ता डोलवतेयस, पैज लाव!

आणि मशीनवरच्या माझ्या त्या जोडीदाराला मी काय म्हणते, ते नाही ऐकलंस? आइस्क्रीम!… त्याच्याकडे आठ महिने बर्फ. इथे जरा ऊन पडलं की हा वितळायला लागतो. खिडकी उघड, दार उघड. त्याच्या देशाचे सगळेच आइस्क्रीम. घड्या घालायला दोघी आहेत, त्या घड्याळवाल्या. तू दोन मिनिटं उशिरा आलीस तर बोलणार काही नाहीत, नुसत्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतील. गाडी चालवतो तो 'उद्या'. आमच्याकडे सगळं उद्याच होतं, असं तोच छाती पुढे काढून सांगतो… सुपरवायझरबाई? तिलाही टोपणनाव आहे की. तिच्यासमोर म्हणायची कुणाची छाती नाही…

हसू नकोस! आता हसू येतंय? पाच पानं लिहिताना कुठे गेलं होतं?… चार काय, पाच काय!

परवापासून इथे काय चाललंय, तुला कल्पना आहे का? भिंतीवर नोटीस लागलीय. टोपणनाव बंद, पूर्ण नाव घ्यायचं. अगं, आइस्क्रीमचं नाव मी पूर्ण घेईपर्यंत चादर वाकडी होऊन मशीनमधून बाहेरसुद्धा येते! एका टोकाला तो, एका टोकाला मी, एका दमात आत घालायची असते ती. आज सकाळी अकरा चादरी चुरगळल्या. आणि जो तो 'कृपया' आणि 'आभारी आहे'. सुतक असल्यासारखे डबे खातात सगळे.

नाही, एवढंच नाही. एवढंच असतं तर मी तुला नुसत्या शिव्या घालून सोडलं असतं… त्याची चौकशी आहे आज. तुझ्या तक्रारीवरून. अडीच वाजता… हो, म्हणजे आत्ताच. नोकरी जाईल त्याची. नोकरी गेली की इथे राहायचा परवाना जातो. महिन्याच्या आत बायको, मुलगी, सगळं उचलून चालू लागायचं… मुलगी? सातवीत आहे.

आता बोल, काय करायचं?

मागे घेतलीस?… कधी?… मग?… मागे घ्यायचं बटणच नाही? वा! छान! घालायला दार आहे, काढायला नाही!

हे बघ, रडू नकोस. मी चिडलेय, मला नीट चिडू दे… मी सांगितलं नव्हतं, कबूल. 'मजेत आहे' म्हणायचे मी दर रविवारी. अगं, पहिले चार महिने माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. 'दोन नंबर' म्हणायचे. मशीनचा नंबर तो, माझा नाही. याच जिन्यात येऊन रडून घ्यायचे. मग एक दिवस हा लांबून ओरडला, 'ए टेबलफॅन, तुझं हो की नाही?' सगळे हसले. मीपण हसले. बरं वाटलं गं मला. कुणीतरी आपल्याकडे धड बघितलंय, असं वाटलं…

थांब हं. एक मिनिट. घड्याळवाली आलीय जिन्यात… काय?… फळा? काय झालं फळ्याचं?… तो असं म्हणाला?… मूर्ख! गाढव!

तुला नाही गं!… अगं, मशीनजवळ फळा आहे. रोज कोण कुणाबरोबर काम करणार, ते असतं त्यावर. मशीन दोन, टेबलफॅन आणि आइस्क्रीम. तसं सगळ्यांचं. तो फळाच साहेबांनी आत नेलाय. लेखी पुरावा म्हणे. आणि हा शहाणा आइस्क्रीम आत सांगून बसलाय की 'फळा मी लिहिला, नावं मी पाडली, बाकी कुणाचा संबंध नाही'…

कुणी म्हणजे? मी लिहिलाय! ही सगळी नावं माझी आहेत, छोटी. एक टेबलफॅन सोडलं तर सगळी मीच ठेवलीत!

नाही, गप्प नाही बसणार… माहितीय. माझाही परवानाच आहे, कळतं मला… आईला सांगीन काय सांगायचं ते… अगं, वाचले मी, म्हणून काय पेढे वाटू? माझ्याऐवजी तो जाणार, आणि मी उद्या दुसऱ्या कुणाबरोबर चादर धरणार?

चालतेय… हो, साहेबांच्या खोलीकडेच. काचेतून दिसतोय. पेन आहे हातात. सहीला कागद पुढे केलाय साहेबांनी… नाही, ठोठावत नाही…

साहेब, माफ करा. मी दोन नंबर मशीनवरची. तो फळा माझा आहे… तू गप्प रे! खोटं बोलतोय तो. बघा ना, प्रत्येक शब्दावर ही आडवी रेघ दिसते? तुमच्या लिपीत असते का अशी रेघ? त्याच्या असते? आमच्यात असते. लहानपणापासून हात तसाच वळतो माझा, तुमची अक्षरं लिहितानासुद्धा… हो, लिहून दाखवते की. खडू द्या.

आइस्क्रीम, ठेव ते पेन खाली!… हो साहेब, वाचली नोटीस. तरीही म्हणाले. तेही लिहून घ्या.

छोटी, आहेस ना?… ठेवते आता. खुर्ची दिलीय त्यांनी, दोघांची चौकशी आहे… हो, कळवते. आणि खबरदार! मला काढलं तर पुन्हा तक्रार करू नकोस!