सोमवारची मोत्याची अंगठी

आधी चहा संपवा बे, मग सांगतो, नाहीतं ठसका लागन.

बायकोसाठी मी घरीच अंगठी केली. चांदीची तार खुरप्याच्या मुठीवर वळवली अन् वरतं गोंदानं मोती चिकटवला. मोती कच्च्या दुधात धुऊन सोमवारी घालतात, म्हणून सकाळी वाटीभर दुधात अंगठी ठेवली, वाटी देवापुढं ठेवली अन् आंघोळीले गेलो.

तेवढ्यात पाहुणे आले. घरातलं बाकी दूध संपलेलं. बायकोनं देवाले हात जोडले, वाटी उचलली अन् चहाच्या गंजात ओतली.

मी बाहेर येऊन पाहतो तं वाटी रिकामी!

"अवं, त्यात तुई अंगठी होती!"

दोघंही गाळणीकडं धावलो. चहाच्या चोथ्यात तार एकीकडं, मोती दुसरीकडं. गोंद पार सुटलेला. मले तं मान वर करवे ना. बायको मात्र मोती पदराले पुसत म्हणे, "तोंड काऊन पाडता? घरातच निघाला हे बरं झालं. कापूस वेचतानी पडला असता तं पांढऱ्यात पांढरा कुठी पाह्यला असता?"

खरंच वाचवलं बाईनं. मग मी तारेचेच चार आकडे वळवून मोती पक्का बसवला. पुढच्या सोमवारी वाटी भरली, तं मागून आवाज आला, "थांबा. आधी चाय ठेवते."

अंगठी चहात उकळून, मोती सुटत नाही हे पाहूनच घातली तिनं. तीन हंगाम कापूस वेचला, मोती हालला नाही. फक्त फिका पडला. परवा म्हटलं, "नवा मोती आणतो."

"राहू द्या," म्हणे, "त्यालेबी उकळा लागन."