परत आलेली कबुतरं

एर्विन : सगळी परत आली म्हणतेस?

ट्रुडा : सगळी! छपरावर बसून घुमताहेत. हा तुझा मित्र त्यांना पार चेन्स्तोहोवाला देऊन आला, आणि हा घरी पोचायच्या आधी ती हजर!

गिंटर : वहिनी, मी साडूच्या ढाबळीत नीट कोंडून आलो होतो. त्या शहाण्याने दार उघडलं.

ट्रुडा : अरे, शर्यतीची कबुतरं ती! जन्मभर दोघांनी त्यांना घरी परतायलाच शिकवलंत. कुणाला देऊन टाकताना अक्कल कुठे गेली होती?

एर्विन : मला काही सुचतच नाहीये गं. खाणीत जन्म गेला, कोळसा खाल्ला, खोकला लागला तेव्हा सगळे म्हणाले खाणीचाच. आता डॉक्टरीणबाई म्हणतात, कबुतरांच्या पिसांची धूळ. मग खाणीने काय केलं? काहीच नाही?

गिंटर : मी पण कबुतरं पाळतो. मला कुठे काय झालं?

ट्रुडा : तुझ्या छातीचं राहू दे. याची फुप्फुसं दगड झालीयेत. दुसऱ्याची बसवली तरच हा जगणार. आणि बाईंनी बजावलंय, घरी एक जरी पाखरू असलं तर यादीत नाव नाही.

गिंटर : मग माना मुरगाळू. आजाऱ्याला कबुतराचा रस्सा देतोच की आपण.

एर्विन : खबरदार! ती करडी मादी... वादळातून आलीय... एका पायावर...

ट्रुडा : ओरडू नकोस! नाकातली नळी निघेल. हं, घे श्वास. सावकाश. गिंटर, ढाबळच मोडली तर?

गिंटर : छपरावर बसतील. जन्मली इथे, ती कुठे जाणार?

ट्रुडा : मग आपण जाऊ. कातोवित्सेला बहिणीची वरची खोली रिकामी आहे.

एर्विन : म्हणजे कबुतरं घरात आणि आपण बाहेर?

ट्रुडा : हो. दाणे गिंटर घालेल.

गिंटर : घालीन की.

एर्विन : ट्रुडा, माझं डोकंच चालत नाही. पडल्या पडल्या एकच विचार येतो. नवी फुप्फुसं मिळाली की आधी अंगणात उभा राहीन आणि लांब शीळ घालीन. किती दिवसांत वाजली नाही गं माझी शीळ! पण ती ऐकली की ही कबुतरंच येणार, खांद्यावर बसणार, पुन्हा तीच धूळ. मग कुणीतरी मरणार, त्याचा श्वास मी घेणार, तो कशासाठी?

(छपरावरून घुमण्याचा आवाज. ट्रुडा खिडकी लावून घेते.)



ट्रुडा : मला घाल.

एर्विन : काय?

ट्रुडा : शीळ. लग्न झाल्यापासून एकदाही घातली नाहीस मला. सगळ्या त्यांनाच.

एर्विन : वेडी आहेस का? या वयात?

ट्रुडा : नवी फुप्फुसं मिळाली की बहिणीकडे घाल. मी स्वयंपाकघरातून येईन.