विहीणबाईंच्या नाकातली काडी

आता तुम्हालाही सांगू? अख्ख्या गल्लीला सांगून तोंड दुखलं माझं. बूट शिवायला आलात ना, मग बूट शिवून घ्या — दुसऱ्याच्या घरातल्या भानगडी कशाला हव्यात? ...बरं, बसा. एक पाय उघडा टाकून जाणार तरी कुठं.

तर आमची भिंगरी, नात माझी. करोना झाला तिला. झाला म्हणजे काय, थोडा ताप आला, उतरला, मग दिवसभर उड्या. पण रिपोर्ट? पॉझिटिव्ह. पुन्हा नाकात काडी घातली — पॉझिटिव्ह. पुन्हा घातली, पुन्हा तेच! आणि पलीकडच्या खोलीत सून नुकती बाळंत झालेली, तान्हा भाऊ आलेला, पोरीनं त्याचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं. भिंतीला कान लावून बसायची, तो रडला की ही हसायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोरगी बरी झाली, मेलेल्या विषाणूचा चुरा राहतो नाकात, तपासणी तोही पकडते, लहान मुलांत असं लांबतं कधीकधी — आता तिच्यापासून कुणाला धोका नाही, सोडा तिला बाहेर. पण ऐकतं कोण! बाळंतपणाला सुनेची आई आली होती ना, आमच्या विहीणबाई. पॉझिटिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह, म्हणाल्या, आणि पोरीच्या खोलीला कडी घातली बाहेरून. वर मला काय म्हणाल्या ठाऊक आहे? — तुमच्याच दुकानातून आला हा रोग, गावभरची पायताणं हाताळता! सगळ्यांसमोर. आणि मुलगा माझा? छताकडं बघत होता. बापापुढं जीभ चुरूचुरू चालते, सासूपुढं बोबडी वळते.

एका संध्याकाळी भिंगरी दाराच्या फटीतून विचारते — आजोबा, मी आता कायमचीच अशी का? ...टाका चुकला बघा, तुमच्यामुळं. बोलायला लावता.

मग लॅबवाली परत आली, तेव्हा मी नुसतं म्हटलं — नुसतं म्हटलं हं — विहीणबाईंना राहू द्या, त्या काडीला भितात. झालं! घाला म्हणाल्या, दोन्ही नाकपुड्यांत घाला! घातली. आणि आला की रिपोर्ट — नातही पॉझिटिव्ह, आजीही पॉझिटिव्ह! आल्या तेव्हा शिंकत होत्या, ते म्हणे धुळीनं. मी लगेच माळ्यावरची खोली झाडली, चादर घातली, म्हटलं, या. तर डॉक्टरीणबाईंनाच फोन लावला त्यांनी. त्या हसल्या, म्हणाल्या, तुमचंही जुनंच आहे, बरं होऊन गेलंय. लगेच विहीणबाई — ऐकलंत? नुसता मेलेला चुरा! म्हटलं, हो का? मग काढा ती कडी. स्वतःच्या हातानं काढली त्यांनी. पोरगी अशी सुटली — आणि तान्ह्याजवळ पोचली तशी एकदम थांबली, एका बोटानं त्याची टाच चाचपून बघत राहिली.

आता गेल्या त्या आपल्या घरी. घर शांत झालंय — नको इतकं. भांडायलाही तोडीस तोड माणूस लागतं हो. रोज फोन येतो त्यांचा. तान्ह्याचं विचारतात, भिंगरीचं विचारतात, माझ्या गुडघ्याचंसुद्धा विचारतात. फोन मीच उचलतो. कशाला म्हणजे? त्या वेळेला तिथंच बसलेला असतो मी... दात काढू नका! घाला बूट आणि निघा. माझ्या दुकानाला नावं ठेवली होती, साधी गोष्ट नाही ती. मुलानं माफी मागितली, सुनेनं मागितली. राहिल्यात त्या एकट्या विहीणबाई.